दोन मामांची कॅसेट

नाशकात द्वारकेच्या चौकात उभं राहून शांततेचा ध्यास घेणं म्हणजे गोदावरीच्या पुरात उभं राहून कोरडं धोतर मागणं. पुंजाराम गांगुर्डे हे रोज करायचा. आणि त्याचा धंदा काय, तर ट्रकांना हॉर्न बसवण्याचा! आग्रा रोडवरून जाणारा एखादा ट्रक धुळ्यापर्यंत म्हशींना पळवत गेला, तर त्यामागे पुंजारामचा हात आहे असं खुशाल समजावं. दिवसभर टपरीत बसून तो डायनामो दुरुस्त करी, बॅटऱ्या भरी, हॉर्न बसवी आणि वाजवून बघी. संध्याकाळी घरी आला की कानात बोट घालून मला, शेजारच्या शाळामास्तराला, म्हणे, "गुरुजी, जग लय गोंगाट करतं हो."

हे वाक्यही तो इतक्या मोठ्याने म्हणे की आमच्या कॉलनीतली झोपलेली पोरं उठून बसत. देवाने त्याला आवाज दिला होता तो रस्त्यापलीकडच्या ड्रायव्हरशी बोलण्यासाठी. कुजबुजायचं ठरवलं तर फक्त समोरच्या चाळीपर्यंत जाई. असा हा माणूस रेकॉर्डिंग करताना मात्र ओठ मिटून, श्वास धरून, चवड्यांवर चाले. सर्कशीतला हत्ती स्टुलावर चढताना जसा जपून पाय टाकतो ना, तसा.

रेकॉर्डिंगचं वेड त्याला लागलं ते पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराला. एका ड्रायव्हरने बिघडला म्हणून टाकून दिलेला चपटा टेप त्याने दुरुस्त केला आणि सगळ्यात आधी आपल्या आईला, धोंडाबाईला, जात्यावर बसवलं. म्हातारीने मनापासून चार ओव्या म्हटल्या. मग टेप वाजवला. आधी ऐकू आलं ते विजेचं घूंऽऽ. त्याच्यावर मशिनीच्या मोटरचं किर्रर्र. आणि या दोघांच्या पलीकडे, विहिरीच्या तळाशी बसून गात असावी तशी धोंडाबाई.

म्हातारी बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "मी मेल्यावर अशी गाईन व्हय रे?"

हे पुंजारामला फार लागलं. दुसऱ्याच दिवसापासून त्याने विजेवर बहिष्कार टाकला. "विजेच्या तारेत घूं असतं, बॅटरीत नसतं," हा त्याचा शोध. स्कूटरची बॅटरी आली. मोटरची किर्रर्र दाबायला टेपला गोधडी गुंडाळली. माईकला बांबूची लांब दांडी केली, म्हणजे माईक गाणाऱ्याजवळ आणि टेप पार शेजारच्या खोलीत. पुन्हा आईला जात्यावर बसवलं. या वेळी धोंडाबाई विहिरीतून वर आली. जात्याची घरघर आली, पीठ सांडल्याची सुळसुळसुद्धा आली. म्हातारी म्हणाली, "आता मरायला हरकत नाय." आणि पुढे चांगली सात-आठ वर्षं जगली, दर सणाला स्वतःच्याच ओव्या ऐकत.

त्यानंतर पुंजाराम सुटलाच. सुट्टीच्या दिवशी खांद्यावर टेप, हातात बॅटरी आणि दांडी वाहायला मी. सुरगाण्याकडचा पावरी हे भोपळ्याचं वाद्य वाजवणारा, भजनी मंडळं, लग्नातल्या म्हाताऱ्या: जिथे लाकूड, चामडं आणि माणसाचा गळा यांचा खरा आवाज असेल तिथे आम्ही. कर्ण्यावर ओरडणाऱ्या गायन पार्ट्यांकडे तो ढुंकून बघत नसे. "ते तर मी दिवसभर बसवतोच," म्हणे.

कुणाच्याही घरी गेला की आधी तो चहाला नाही म्हणे आणि मुकाट्याने बसून राही. यजमानांना वाटे पाहुणे रागावले. तो घर ऐकत असे. मग एकेक फर्मान सुटे. घड्याळ गोधडीत. कोंबड्या डालग्याखाली. शेळी शेजाऱ्याकडे. घरधनिणीने हात हलवायचे नाहीत, बांगड्या वाजतात. एका ठिकाणी आजोबांना दमा होता. पुंजारामने त्यांच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की आजोबा स्वतःच काठी घेऊन मळ्यात निघून गेले.

एवढं करून एक अडचण उरलीच. माईक एक, आणि ढोलकी गाणाऱ्याला गिळून टाकी. मग पुंजाराम माणसं हलवी. गाणारा माईकच्या तोंडाशी, पेटीवाला उंबऱ्यावर, ढोलकीवाला अंगणात. तरी ढोलकी जास्तच. अजून मागे सरा, अजून मागे. एकदा एक ढोलकीवाला सरकत सरकत शेजाऱ्याच्या ओट्यावर गेला, तिथे त्यांनी त्याला चहा दिला, आणि आमच्या गाण्याचं शेवटचं कडवं ढोलकीविना झालं.

या दुखण्यावर औषध सापडलं ते त्र्याऐंशी साली, अपघात झालेल्या एका टॅक्सीत. तिच्यात परदेशी टेप होता, कॅसेट न काढता दुसरी बाजू आपोआप वाजवणारा. त्याचं हेड, म्हणजे फितीला चिकटून आवाज उचलणारा तो नखाएवढा तुकडा, पुंजारामने भिंगाखाली धरला आणि टपरीतून असा ओरडला की चौकातल्या पोलिसाने शिट्टी मारली.

"गुरुजी, चार हायेत! चार!"

मला समजावं म्हणून त्याने माझ्या वहीवर शेत काढलं. कॅसेटची फीत म्हणजे लांबच लांब वावर. त्यात शेजारी शेजारी चार पट्ट्या. साधा टेप जाताना दोन नांगरतो आणि येताना दोन. हे हेड चारही पट्ट्यांना एका वेळी शिवतं. मग गाणं एका पट्टीत, पेटी दुसरीत, ढोलकी तिसरीत असं वेगवेगळं पेरलं तर? घरी येऊन प्रत्येकाचा आवाज हवा तेवढा वर-खाली करता येईल. आणि सगळी माणसं एका वेळी गोळा करायची गरजच नाही! आज गाणारा गाईल, उद्या ढोलकीवाला ते कानात ऐकत ऐकत आपल्या पट्टीत वाजवील.

मुंबईच्या स्टुडिओत अशी मशीनं खोलीभर असतात म्हणे. पुंजारामचं मशीन मुलीच्या ॲल्युमिनियमच्या शाळेच्या पेटीत मावलं. विशाखा तेव्हा कॉलेजात जाऊ लागली होती, पेटी रिकामीच होती. चार मेलेल्या टेपांची पोटं फाडून आत चार यंत्रणा बसवल्या. बटणं जुन्या रेडिओची. कानाला लावायचे कानटोप देवळालीच्या लष्करी भंगारातले, इतके जड की घातल्यावर माणूस आपोआप नम्र दिसे. जोडकामाला वर्ष गेलं. झाकण लावलं की वाटावं, एखादी मुलगी पाचवीच्या वर्गात निघालीय. फक्त एक उणीव राहिली. जुना आवाज पुसून पट्टी कोरी करणारं हेड त्याला कुठे मिळालं नाही.

"आपल्या मशिनीत लिहायची सोय हाय," तो ऐटीत सांगे, "खोडायची नाय. चुकलं तर नवी कॅसेट."

आणि याच सुमाराला, पंच्याऐंशीच्या मे महिन्यात, विशाखाचं लग्न ठरलं.

आता पुंजारामच्या सासुरवाडीबद्दल सांगायला हवं. त्याची बायको चांगुणा कळवणजवळच्या खेड्यातली. तिच्या वडिलांची गायन पार्टी होती. गावोगावच्या जयंतीला, सभेला, लग्नाला ते गात. थोरला मुलगा सहादू गळा आणि पेटी, धाकटा सावळीराम ढोलकी. वडिलांनी स्वतः बांधलेलं एक गाणं होतं. घरातल्या प्रत्येक भाचीच्या लग्नात मामांनी मंडपाच्या दारात उभं राहून ते गायचं आणि मगच नवरीने आत पाऊल टाकायचं. त्यातलं दुसरं कडवं असं:

*लेक चालली चालली, पाटी-पुस्तकाच्या वाटेनं,*
*मामा उभा ग दाराशी, गातो भरल्या गळ्यानं.*

वडील गेले आणि काही वर्षांनी एका जयंतीच्या कार्यक्रमात निवेदक घाईघाईने बोलून गेला, "आता ऐकूया सावळीराम आणि पार्टी." थोरला सहादू पेटी उघडून बसला होता. त्याने पेटी मिटली, गळपट्टा झटकला आणि स्टेजवरून उतरला. "मी पार्टी व्हय?" एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून दोघा भावांत बोलणं बंद. सावळीराम गाव सोडून नामपूरला गेला, कांद्याच्या बाजारात मापाड्याचं काम करू लागला. जमिनीवरून, विहिरीवरून भांडणारे भाऊ मी पुष्कळ पाहिले. 'आणि' या शब्दाच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं यावरून भांडणारे हेच.

लग्नाची बोलणी झाली तशी चांगुणा दोघांकडे जाऊन आली. दोघांनी तोंडभरून आशीर्वाद दिले आणि दोघांनी एकच अट घातली: तो मंडपात असेल तर मी बाहेर.

चांगुणा परत आली ती थेट पुंजारामसमोर उभी राहिली. "माझ्या लेकीला दोन मामा. एक गाणार आन् एक मुका राहणार? का दोघंबी मुके? माझ्या बापाचं गाणं झाल्याबिगर पोरगी मंडपात कशी घेऊ?"

"मग मी काय करू?"

"जगाचे आवाज गोळा करत फिरता ना? माझ्या भावांचे दोन आवाज एका जागी करून दाखवा. तर त्या पेटीला मी घरात ठेवीन. नायतर ती माझ्या लेकीची हाय, तिच्यासंगं सासरी जाईल."

पुंजारामने माझ्याकडे पाहिलं. मी पेटीकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही कळवणच्या एसटीत होतो, पेटी मांडीवर.

खेड्यात दुपारच्या उन्हात जी शांतता असते, तिच्यावर पुंजारामचा सगळा भरवसा होता. माणसं झाडाखाली झोपलेली, गुरं बसलेली, गिरणी बंद. सहादूच्या घरातली आतली खोली त्याने निवडली. तिथे बाजरीची पोती रचली होती आणि पोतं आवाज पिऊन टाकतं. कोंबड्या डालग्याखाली गेल्या. सहादूच्या बायकोने, कुसाबाईने, दोन्ही हात पदरात घेतले. सगळं जमलं, आणि पुंजारामने तोंड उघडलं.

"सहादू, आधी ढोलकी भरून घेतली असती तर बरं होतं. म्हंजे तुला ताल धरून गाता आलं असतं."

सहादूने गळपट्टा नीट केला. उंच, वाळलेला, ताठ माणूस. बसल्या जागी उभा असल्यासारखा वाटे.

"दाजी, थोरला कोण?"

"तू."

"मग पहिला आवाज कुणाचा?"

"अरे, पण मशिनीचं असं असतं..."

"मशिनीला सांगा, गाणं ढोलकीमागं चालत नाय, ढोलकी गाण्यामागं चालती. आन् एकदाच गाईन. मी काय रेडिओ नाय."

मेव्हण्याशी वाद घालून कोण जिंकलंय? पुंजारामने दोन माईक लावले, एक गळ्याला, एक पेटीला. पहिल्या दोन पट्ट्या सहादूच्या. चौथी सावळीरामची. मधली तिसरी मुद्दाम कोरी. शेजारच्या पट्टीतला आवाज थोडा पाझरतो, असं कारण त्याने मला सांगितलं. "भावाभावांत एक पट्टी पडीक ठेवलेली बरी, गुरुजी. बांधाचं भांडण नको."

सहादू गायला. काय सांगू! डोळे मिटले आणि त्या ताठ माणसातून असा मऊ आवाज निघाला की डालग्याखालच्या कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या. पुंजाराम चवड्यांवर बसून, तोंडावर हात दाबून ऐकत होता. गाणं संपलं, बटण बंद झालं, आणि त्याने श्वास असा सोडला की बाहेर बैल दचकला.

आनंद नाशकाला पोचेपर्यंत टिकला. टपरीच्या मागच्या खोलीत बसून पुंजारामने गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं आणि त्याचं तोंड उतरत गेलं. सहादू आयुष्यभर ढोलकीच्या आधाराने गायलेला. ढोलकी नसताना त्याची लय वाऱ्यावर गेली होती. भरात आला की पळे, हळवा झाला की रेंगाळे, आणि दुसऱ्या कडव्यात तर मध्येच दम तुटून चक्क थांबला होता.

पुंजारामने मंगळूला बोलावलं. मंगळू म्हणजे नाशकातला नाणावलेला ढोलकीवाला, तमाशाच्या फडात मुरलेला. त्याने कानटोप घातले, हात चालवून बघितला, पुन्हा बघितला, शेवटी कानटोप काढून ठेवले.

"पुंजारामभाऊ, या माणसाचा ताल बकरीसारखा हाय. कुठं उडी मारंल सांगता येत नाय. हाच पुन्यांदा गाववा."

"तो एकदाच गातो."

"मग ढोलकी इसरा."

म्हणजे पंचाईत अशी: सहादू पुन्हा गाणार नाही, पट्टी पुसता येत नाही, आणि सावळीरामने चौथ्या पट्टीत एकदा चुकीचं वाजवलं की तीही वाया. लग्न तोंडावर आलेलं. चांगुणा रोज विचारी, "झालं का?" आणि पुंजाराम आयुष्यात पहिल्यांदा खरोखर हळू आवाजात म्हणे, "होतंय."

नामपूरला आम्ही बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी गेलो. सावळीराम जिथे काम करी त्या व्यापाऱ्याचं गोदाम पुंजारामला पाहताक्षणी आवडलं. छतापर्यंत कांद्याची पोती, मधे माणूस बसेल एवढी फट. टाळी वाजवली तर ती जागच्या जागी मरून पडे. "मुंबईत याला लाखो लागतात," तो पोत्यावर थापट्या मारत म्हणाला. "आन् इथं वरून कांदाबी हाय!"

सावळीराम गोल, हसरा, भावाच्या अगदी उलट. पण ऐकताक्षणी त्याचंही हसू गेलं.

"त्याच्यामागं मी वाजवायचं? आधी तो, मग मी? म्हंजे पुन्हा मीच पार्टी!"

"अरे, ढोलकी भरायची राहिलीय म्हणून..."

"दाजी, मला शिकवू नका. त्यानंच सांगितलं आसंल, पहिला आवाज माझा म्हणून. सांगितलं का नाय?"

पुंजारामला खोटं बोलता येत नसे. तेवढ्या मोठ्या आवाजात खोटं बोलणं अवघडच. तो म्हणाला, "सांगितलं. पण तुझ्या बहिणीनं काय सांगितलं ते ऐक. म्हणली, सावळ्याला म्हणावं, भावामागं नको वाजवू. भाचीपुढं वाजव."

सावळीरामने ढोलकीची दोरी ओढून घट्ट केली. मग हात पुढे केला. "द्या ते टोपडं."

"आधी एकदा ऐकून घे. लय हलतीय त्याची. दुसऱ्या कडव्यात तर..."

"बापाची चाल हाय. ऐकायचं काय? मशीन चालू करा."

पुंजारामने माझ्याकडे पाहिलं. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. एकच पट्टी, एकच संधी. त्याने बटण दाबलं.

आता गंमत अशी की सहादूचा आवाज फक्त सावळीरामच्या कानात. आम्हाला ऐकू येत होती ती नुसती ढोलकी. आणि ती भलतीच चालली होती. धिम्या चालीतून एकदम पळायला लागली, मग अडखळल्यासारखी रेंगाळली. एके ठिकाणी सावळीरामने हात हवेत उचलला आणि तसाच धरून ठेवला. ढोलकी बंद. मला वाटलं, संपलं सगळं. मी पुंजारामकडे बघायचं टाळलं. मग बऱ्याच वेळाने, काही कारण नसताना, एक हळूच थाप पडली आणि ढोलकी पुन्हा निघाली. सावळीरामचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

गाणं संपल्यावर त्याने कानटोप काढले, बाहीने तोंड पुसलं. "कांद्यानं, हो," म्हणाला.

मी नाशिक जिल्ह्यात जन्मलो. पोत्यातला न चिरलेला कांदा कुणाला रडवत नाही, एवढं मला ठाऊक आहे. पण मी मान हलवली.

पुंजारामने फीत मागे घेतली, एक कानटोप स्वतःच्या कानाला लावला, दुसरा माझ्या. आणि दोन्ही आवाज एकत्र वाजले. जिथे सहादू पळाला होता तिथे ढोलकी त्याच्या आधी अर्धं पाऊल पळाली होती. जिथे तो हळवा झाला होता तिथे ती त्याचा हात धरून चालत होती. आणि दुसऱ्या कडव्यात, जिथे सहादूचा दम तुटला होता, तिथे ढोलकी आधीच थांबून त्याची वाट पाहत उभी होती. आता ती चूक राहिलीच नव्हती. वाटावं, वडिलांनी ती जागा तशीच बांधली असेल.

पुंजारामएवढा मोठा माणूस कांद्याच्या पोत्यावर मान टेकून बसला. मग उठला आणि सावळीरामच्या पाठीत असा गुद्दा घातला की ढोलकी आपोआप वाजली.

"सावळ्या, तुला कळालं कसं रे? तो कुठं थांबणार ते?"

"न कळायला काय झालं?" सावळीराम ढोलकी फडक्यात बांधत म्हणाला. "पण त्याला सांगू नका."

लग्न आमच्या कॉलनीजवळच्या मैदानात होतं. पांढऱ्या कपड्यांची गर्दी, फुलांच्या परड्या, उन्हाचा तडाखा. सहादू मंडपाच्या एका बाजूला, स्वयंपाकाच्या चुलाण्यांजवळ लिंबाखाली उभा. सावळीराम दुसऱ्या टोकाला, सायकली लावल्या होत्या तिथे. दोघांच्या अंगावर नवे सदरे आणि दोघांच्या पाठी मंडपाकडे. विशाखा मंडपाच्या दाराशी, आईचा हात धरून.

पुंजारामने साध्या टेपमध्ये कॅसेट घातली. दोन्ही भावांचे आवाज तोलून त्याने ती उतरवली होती. त्या तोलण्यात त्याचे पाच दिवस आणि आमची झोप गेली होती. टेपचा आवाज कर्ण्यात जोडला होता. त्याला स्वतःला कर्णा आवडत नसे, पण लेकीचं लग्न होतं.

गाणं सुरू झालं आणि मैदान थांबलं. जिलेबी तळणारा झारा धरून उभा राहिला. जुनी माणसं एकमेकांकडे पाहू लागली. ते त्या बापाचं गाणं होतं, तोच गळा, तीच ढोलकी, कितीतरी वर्षांनी. दुसऱ्या कडव्यातली ती थांबलेली जागा आली तेव्हा बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

इथपर्यंत सगळं पुंजारामच्या हिशोबाप्रमाणे झालं. पण त्याने काम इतकं चोख केलं होतं की एका गोष्टीचा हिशोब राहूनच गेला. हे दोन वेगवेगळ्या गावांत, दोन वेगवेगळ्या दिवशी वाजलंय, यावर कुणाचा विश्वासच बसेना! आक्काबाई नावाच्या या भावांच्या चुलत आत्या होत्या, दात नसलेल्या पण आवाज शाबूत असलेल्या. गाणं संपतं न संपतं तोच त्या ओरडल्या, "झाली ग बाई एकी! पोरं एका जागी बसली!"

झालं. बातमी मैदानभर पळाली. लिंबाखाली सहादूभोवती घोळका जमला. "बरं केलंस सहादू. थोरल्यानं नमतं घ्यायचं असतं." सायकलींजवळ सावळीरामला कुणी मिठी मारली. "धाकट्यानं पाय धरले म्हणे, लय मोठं मन!"

'नमतं' हा शब्द ऐकला आणि सहादू ताठ होता तो आणखी ताठ झाला. 'पाय' हा शब्द ऐकून सावळीरामचा गोल चेहरा लाल झाला. दोघेही तडक निघाले, खुलासा करायला. आणि खुलासा करायचा तर माईक मंडपात! एक या बाजूने आला, एक त्या बाजूने, आणि कर्ण्याच्या खांबाशी दोघं समोरासमोर उभे राहिले.

पहिल्यांदा बोलला सहादू. "मी तुझ्याकडं आलतो का?"

"मग मी आलतो काय तुझ्या दारात?"

"सांग की मग लोकांना!"

"तू सांग. पहिला आवाज तुझा असतो ना?"

"आलोच नाय तर तुला कसं कळालं माझा दम कुठं तुटतो ते?"

"तुझा दम लहानपणापासून तिथंच तुटतो! 'भरल्या गळ्यानं'च्या आधी. बाप कितीदा बोलला तुला, आधी श्वास घे, आधी श्वास घे. ऐकलंस का कधी?"

सहादूने गळपट्टा चाचपला. मग अगदी निराळ्याच सुरात म्हणाला, "तू थांबलास तिथं."

"थांबणार नाय तर काय? तुला सोडून जाऊ?"

चांगुणाने मुलीचा हात सोडला, तरातरा आली आणि दोन्ही भावांच्या दंडाला धरलं. "भांडायचंय ना? भांडा. पण इथंच भांडा, बाहेर जाऊन नाय. आन् आधी गा. टेपचं गाणं ऐकून माझी लेक आत येणार नाय."

"ढोलकी नामपूरला हाय," सावळीराम म्हणाला.

"पेटी घरी ऱ्हायली," सहादू म्हणाला.

कुणीतरी तेलाचा रिकामा डबा आणून उलटा ठेवला. पुंजाराम धावला. "थांबा! थांबा! मशीन आणतो, नवी कॅसेट हाय माझ्याकडं!"

"काय आणायचं नाय," चांगुणा म्हणाली. "पोरगी उन्हात उभी हाय."

आणि ते गायले. खरं सांगतो, कॅसेट याच्या शंभरपट चांगली होती. डबा फुटक्यासारखा वाजत होता, सहादूला सूर वर लागला होता, आक्काबाई मधेच साथ द्यायला लागल्या होत्या. जिलेबीचं तेल चर्रर्र करत होतं, आणि द्वारकेकडून पुंजारामनेच बसवलेला कुठलासा हॉर्न कोकलत होता. पुंजाराम रिकामे हात लोंबवून उभा होता. एवढ्या गोंगाटात कुणाला गप्प बसा म्हणायचं, ते त्याला सुचलं नाही. डोळे पुसत तो माझ्या कानाशी म्हणाला, आणि ते अर्थात अख्ख्या मंडपाने ऐकलं, "गुरुजी, सहादू या खेपेला दमावर टिकला बघा!"

विशाखा आत आली. वंदना सुरू झाली. दोन्ही मामा तिच्या मागे उभे राहिले, हात जोडून, आणि ओठ न हलवता भांडत. एक म्हणत होता तू घाई केलीस, दुसरा म्हणत होता सूर तूच चढवलास. नवरी मुलींनी या वेळी रडायचं असतं. विशाखाचे खांदेही हलत होते. वरपक्षाच्या बायकांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून पोरगी हुंदके देतेय. मी समोर होतो म्हणून मला दिसलं, ती हसू आवरत होती.